चित्रेचे तापमान सूत्रातून बरोबर का निघत नाही: ताऱ्यांचे रंग आणि तापमानांची तुलना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत मृग नक्षत्राची डीएसएलआर कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली. त्यांत काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, नारिंगी आला आणि राजन्य, म्हणजे रायजेल, निळसर पांढरा आला. मग तारकासूचीतून या दोघांचे आणि चित्रा, म्हणजे स्पायका, या ताऱ्याचे वर्णनिर्देशांक, म्हणजे रंगाची आकड्यांतली मापे, घेऊन ते तापमानाच्या प्रचलित सूत्रात घातले, तेव्हा काक्षीचे सुमारे ३,३३० केल्विन, राजन्याचे सुमारे १०,५०० केल्विन आणि चित्रेचे सुमारे १४,३५० केल्विन असे आकडे निघाले. संदर्भांमध्ये मात्र काक्षीचे तापमान ३,६००, राजन्याचे १२,१०० आणि चित्रा या जोडताऱ्यातील मुख्य ताऱ्याचे २२,००० ते २५,००० केल्विन दिलेले आढळते. मग गणित कुठे चुकले, की रंगावरून तापमान काढणेच मुळात चुकीचे आहे? आणि एकाच रात्रीच्या दोन छायाचित्रांत व्याध एकदा निळा आणि एकदा लालसर का आला?

गणित चुकलेले नाही. मी ते पुन्हा करून पाहिले आणि तेच आकडे आले. त्याच सूत्रात सूर्याचा निर्देशांक ०.६५ घातला तर ५,७८० केल्विनच्या जवळचा आकडा येतो, आणि सूर्याच्या पृष्ठभागाचे मान्य तापमान ५,७७२ केल्विन आहे. स्वातीचा निर्देशांक १.२३ घातला तर ४,२५० येतात, आणि मोजलेले तापमान ४,२९० च्या आसपास आहे. म्हणजे सूत्र मधल्या पट्ट्यात उत्तम चालते आणि दोन्ही टोकांना घसरते, त्यातही उष्ण टोकाला फार घसरते. ही घसरण अपघाती नाही, ती प्रकाशाच्या स्वभावातच आहे. ती समजली की रंगावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे प्रत्येक वेळी कोणाला विचारावे लागत नाही.

सुरुवात एका गैरसमजापासून करतो, कारण आकाशदर्शनाच्या शिबिरांत तो मला दर वर्षी भेटतो. वीनचा १८९३ सालचा नियम बहुतेकांनी शाळेत किंवा महाविद्यालयात शिकलेला असतो: तापलेल्या वस्तूचा प्रकाश ज्या तरंगलांबीला सर्वांत प्रखर असतो, ती तरंगलांबी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यावरून मनात असे चित्र तयार होते की शिखर लाल रंगात आले की तारा लाल दिसतो आणि निळ्या रंगात आले की निळा दिसतो. प्रत्यक्षात काक्षीचे शिखर सुमारे ८०५ नॅनोमीटरला, म्हणजे अवरक्तात आहे, आणि राजन्याचे सुमारे २४० नॅनोमीटरला, म्हणजे अतिनीलात आहे. दोन्ही शिखरे आपल्या डोळ्यांच्या कक्षेबाहेरची आहेत. सूर्याचे शिखर ५०० नॅनोमीटरजवळ, हिरव्या भागात पडते आणि तरीही सूर्य हिरवा दिसत नाही, कारण हा आलेख इतका पसरट असतो की शिखराच्या दोन्ही बाजूंचे रंग जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात मिसळतात. हिरवे तारे नसण्याचे कारणही हेच आहे. ताऱ्याच्या रंगात आपल्याला शिखर दिसत नसते, तर दृश्य प्रकाशाच्या अरुंद खिडकीतून त्या आलेखाचा उतार दिसत असतो. काक्षीचा आलेख निळ्याकडून लालकडे चढत जातो, राजन्याचा त्याच दिशेने उतरत जातो.

हा उतार मोजायचा म्हणजे दोन ठिकाणी प्रकाश मोजायचा आणि त्यांचे गुणोत्तर काढायचे. एक निळ्या भागात, साधारण ४४० नॅनोमीटरजवळ, आणि दुसरे पिवळ्या-हिरव्या भागात, साधारण ५५० नॅनोमीटरजवळ. प्लांकचे १९०० सालचे सूत्र वापरून मी ही गुणोत्तरे आदर्श कृष्णपदार्थासाठी, म्हणजे जिचा प्रकाश केवळ तापमानावर अवलंबून असतो अशा कल्पित वस्तूसाठी, काढली आहेत, ती सावकाश वाचावीत. तापमान ३,६०० केल्विन असेल तर निळा प्रकाश पिवळ्या-हिरव्याच्या ०.५० पट असतो. सूर्याच्या ५,७७२ केल्विनला तो ०.९८ पट, म्हणजे जवळपास बरोबरीचा असतो. १२,००० केल्विनला १.६८ पट होतो. २५,००० केल्विनला २.०९ पट, ५०,००० केल्विनला २.२७ पट. आणि तापमान कल्पनेत अनंतापर्यंत नेले तरी हे गुणोत्तर २.४४ च्या वर जाऊ शकत नाही.

चित्रेच्या कोड्याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. ३,६०० पासून १२,००० पर्यंत तापमान सव्वातीन पटींहून थोडे जास्त वाढले आणि गुणोत्तरही तेवढ्याच पटींनी वाढले. पण २५,००० पासून पुढे तापमान कितीही वाढवा, गुणोत्तरात जेमतेम १७ टक्क्यांची भर पडते. उष्ण ताऱ्याचे शिखर अतिनीलात इतके दूर गेलेले असते की दृश्य खिडकीत आलेखाची केवळ शेपटी येते, आणि सगळ्या उष्ण ताऱ्यांच्या शेपट्यांचा आकार सारखाच असतो. तापमापीच्या खुणा ज्या जागी एकमेकींना चिकटल्या आहेत, त्या जागी पारा वाचायचा प्रयत्न सूत्राने केला.

आता खगोलशास्त्राच्या भाषेत बोलू. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप. वर्णनिर्देशांक म्हणजे निळ्या फिल्टरमधून मोजलेली प्रत वजा पिवळ्या-हिरव्या फिल्टरमधून मोजलेली प्रत. जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ साली मांडलेल्या पद्धतीत या फिल्टरांना बी आणि व्ही म्हणतात, म्हणून बी-व्ही. प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी, त्यामुळे निळ्या ताऱ्याचा निर्देशांक ऋण किंवा शून्याजवळ येतो आणि तांबड्या ताऱ्याचा धन येतो. शून्य ही खूण केवळ सोयीसाठी अभिजितसारख्या ताऱ्यांवर ठेवलेली आहे. निर्देशांक शून्य आहे याचा अर्थ निळा आणि पिवळा प्रकाश समसमान आहे असा होत नाही, तर त्यांचे प्रमाण अभिजितसारखे आहे, एवढाच होतो.

हिवाळ्याच्या आकाशातले तारे या मापाने लावून पाहा. काक्षीचा निर्देशांक १.८५, रोहिणीचा १.५४, पुनर्वसूतील पोलक्सचा १.००, ब्रह्महृदयाचा ०.८०, प्रश्वाचा ०.४२, व्याधाचा ०.०० आणि राजन्याचा उणे ०.०३. काक्षी आणि राजन्य यांच्यातला १.८८ प्रतींचा फरक म्हणजे निळ्या-पिवळ्या प्रमाणात सुमारे साडेपाच पटींचा फरक. वर काढलेल्या आदर्श आकड्यांवरून तो ३.४ पटींच्या आसपास यायला हवा होता. उरलेला फरक कुठून आला हा प्रश्न मोलाचा आहे, कारण तारा हा आदर्श कृष्णपदार्थ नसतो. काक्षीच्या वातावरणात निळ्या भागात धातूंच्या शोषणरेषांची दाटी आहे आणि त्या निळा प्रकाश गिळतात. त्याच्याभोवती आणि आपल्या वाटेवर धूळ आहे, तीही निळा प्रकाश जास्त अडवते. राजन्यासारख्या उष्ण ताऱ्याच्या वर्णपटावर हायड्रोजनचे शोषण स्वतःची छाप सोडते. रंगाच्या कोणत्याही मोजमापात तापमान, वातावरणाची घडण आणि वाटेतली धूळ हे तिन्ही एकत्र येऊन बसलेले असतात. मधल्या तापमानांना तापमानाचा वाटा इतका मोठा असतो की बाकीचे दोन त्याला झाकू शकत नाहीत. टोकांना ते झाकतात.

किती झाकतात ते पाहू. सूर्यासारख्या मुख्य क्रमावरच्या, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या, ताऱ्यांमध्ये तापमान सुमारे ५,००० वरून सुमारे ४,००० केल्विनवर आले की बी-व्ही साधारण ०.९ वरून १.३५ पर्यंत जातो, म्हणजे हजार केल्विनला जवळपास अर्धी प्रत. उलट तापमान सुमारे ३१,००० वरून २०,६०० वर आले, दहा हजार केल्विनहून जास्त घसरले, तरी बी-व्ही केवळ उणे ०.३० वरून उणे ०.२१ होतो. समजा तुमच्या मोजमापात ०.०३ प्रतीची चूक आहे, आणि ही चूक हौशी निरीक्षकासाठी कौतुकास्पद इतकी लहान आहे. थंड ताऱ्याच्या बाबतीत तिच्यामुळे तापमान ७० केल्विनच्या आसपास चुकेल. उष्ण ताऱ्याच्या बाबतीत ते तीन हजार केल्विनहून जास्त चुकेल. तुमच्या सूत्राला चित्रेसाठी २२,००० केल्विन द्यायचे असते, तर निर्देशांक उणे ०.४ इतका हवा होता. चित्रेचा प्रत्यक्ष निर्देशांक उणे ०.२३ आहे. आदर्श पदार्थ आणि खरे ताऱ्याचे वातावरण यांतला ०.१७ प्रतींचा हा फरक सूर्याजवळ आला असता तर काही शे केल्विनांवर भागले असते. चित्रेपाशी त्याने आठ-दहा हजार केल्विन खाल्ले.

मग चित्रेचे खरे तापमान कळले कसे, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न आहे, आणि इथे मेघनाद साहांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२० साली त्यांनी दाखवून दिले की ताऱ्याच्या वातावरणातले अणू किती प्रमाणात आयनित होतील, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतील, हे तापमान आणि दाब यांवरून काढता येते. तोपर्यंत हार्वर्डमध्ये ॲनी जंप कॅनन यांनी वर्णपटांवरून ताऱ्यांची ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशी क्रमवारी बसवलेली होती आणि ती रंगाच्या क्रमाशी जुळतही होती, परंतु प्रत्येक अक्षराशी नेमके किती तापमान जोडायचे याला पक्का आधार नव्हता. साहांच्या समीकरणाने तो आधार दिला आणि १९२५ साली सिसिलिया पेन यांनी आपल्या प्रबंधात तो वापरून तापमानांची श्रेणी बसवली. हायड्रोजनच्या बामर रेषा १०,००० केल्विनच्या आसपास सर्वांत ठळक असतात, म्हणून व्याध आणि अभिजित यांच्या वर्णपटात त्या डोळ्यांत भरतात. त्याहून उष्ण ताऱ्यांत हायड्रोजन आयनित होऊन त्या रेषा फिक्या होतात आणि हेलियमच्या रेषा पुढे येतात. रंग जिथे मुका होतो तिथे रेषा बोलू लागतात. चित्रेचे तापमान हेलियम, सिलिकॉन अशा मूलद्रव्यांच्या रेषांच्या परस्पर तीव्रतेवरून ठरते, बी-व्हीवरून नाही. माझ्या मते भारतीय विद्यार्थ्यांना ताऱ्यांचे रंग शिकवताना साहांचे समीकरण त्याच तासाला यायला हवे. ते वेगळ्या प्रकरणात टाकले की या दोन गोष्टींचे नातेच तुटते.

धुळीचे उदाहरण म्हणून भुजंगधारी तारकासमूहातला झीटा तारा घ्यावा. २.६ प्रतीचा हा तारा नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. त्याचा बी-व्ही सुमारे ०.०२ आहे, म्हणजे रंगाने तो व्याधाचा आणि अभिजितचा भाऊ शोभतो. रंगावरून कोणीही त्याला दहा हजार केल्विन देईल. त्याचे खरे तापमान ३४,००० केल्विनच्या आसपास आहे. त्याच्या आणि आपल्या मधल्या धुळीने निर्देशांकात सुमारे ०.३ प्रतीची भर घातली आहे. ही धूळ केवळ आकाशगंगेच्या काळ्या पट्ट्यांपुरती नाही, ती सगळीकडे पसरलेली आहे आणि प्रकाश शोषते, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० साली तारकागुच्छांवरून सिद्ध केले. दूरच्या ताऱ्यांच्या रंगांची तुलना करताना धुळीची दुरुस्ती न करणे म्हणजे धुके असलेल्या सकाळी गावातल्या दिव्यांचे रंग लिहून काढण्यासारखे आहे. आपल्या जवळच्या ताऱ्यांना, प्रश्वा, व्याध, अभिजित, स्वाती यांना, ही अडचण जवळजवळ नाही. म्हणून नवशिक्याने तुलना याच ताऱ्यांपासून सुरू करावी.

धूळ दूर आहे, पण हवा डोक्यावरच आहे, आणि तुमच्या व्याधाचा गोंधळ हवेनेच घातला आहे. हवा निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा जास्त विखुरते. स्वच्छ रात्री डोक्यावरच्या ताऱ्याच्या निर्देशांकात एका हवेच्या थराने साधारण ०.१ ते ०.१५ प्रतीची भर पडते, आणि तारा क्षितिजाकडे कलला की थर वाढत जातात. महाराष्ट्रातून याचा एक सुंदर पडताळा घेता येतो. पुण्याच्या अक्षांशावरून अगस्त्य तारा ऐन मध्यमंडलावर, म्हणजे दक्षिणेला आपल्या सर्वांत जास्त उंचीवर, असतानाही क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो, आणि तिथे त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने तिप्पट हवेतून येतो. त्याच वेळी प्रश्वा जवळपास माथ्यावर असतो. अगस्त्याचे तापमान सुमारे ७,४०० केल्विन आणि निर्देशांक ०.१५, प्रश्वाचे तापमान सुमारे ६,५०० केल्विन आणि निर्देशांक ०.४२. दर थराला ०.१२ प्रत धरा. अगस्त्याला तीन थरांची भर ०.३७, एकूण ०.५२. प्रश्वाला जेमतेम एका थराची भर ०.१३, एकूण ०.५५. जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्याला नऊशे केल्विनांचा फरक असलेले हे दोन तारे जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात. हिवाळ्यातल्या धुरकट रात्री, शेतातला पालापाचोळा जाळल्याचा धूर खाली साचलेला असतो तेव्हा, अगस्त्य प्रश्वापेक्षा पिवळा झालेला मी कित्येकदा पाहिला आहे. काढलेल्या रंगाला उंचीची दुरुस्ती दिल्याशिवाय तो कोणाला सांगू नये, ही शिस्त मी त्या जोडीकडून शिकलो.

व्याधाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तारा खाली असताना हवा लोलकासारखी वागते, निळा आणि लाल प्रकाश किंचित वेगळ्या वाटांनी येतात, आणि हवेतले भोवरे क्षणात एक रंग आपल्याकडे वळवतात तर क्षणात दुसरा. व्याध सर्वांत तेजस्वी असल्यामुळे ही रंगीत लुकलुक त्याच्यातच सर्वांत ठळक दिसते. एका सेकंदापेक्षा कमी वेळाच्या छायाचित्रात तो कधी निळा, कधी हिरवट, कधी तांबडा येऊ शकतो. त्या रंगांचा त्याच्या सुमारे ९,९०० केल्विन तापमानाशी काही संबंध नाही. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे दुसऱ्या शतकात टॉलेमीने तांबूस ताऱ्यांच्या यादीत काक्षी, रोहिणी, ज्येष्ठा, स्वाती आणि पोलक्स यांच्याबरोबर व्याधाचेही नाव घातले होते. ते का, यावर आजवर पुष्कळ वाद झाले. बाकीचे पाचही तारे मात्र आजच्या मापाने १.०० ते १.८५ या निर्देशांकांत बसतात. उघड्या डोळ्यांची ही कामगिरी मोठी आहे. आपल्याकडे रोहिणी या नावातच तांबडेपणा आहे.

डोळ्यांची मर्यादा सांगायला हवी, कारण आपण रंगाची नावे फार सैलपणे वापरतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार २,७०० ते २,८०० केल्विनला तापलेली असते. काक्षी त्याहून आठशे केल्विनांनी उष्ण आहे. दोघांचा प्रकाश शेजारी शेजारी ठेवता आला तर काक्षीचा अधिक पांढरा ठरेल. घरात तो बल्ब आपल्याला पांढराच वाटतो, कारण मेंदू खोलीच्या उजेडाला पांढरे धरून चालतो. आकाशात काळ्या पार्श्वभूमीवर, शेजारी निळसर तारे असताना, काक्षी नारिंगी वाटतो. मंद ताऱ्यांच्या बाबतीत तर डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जाग्याच होत नाहीत आणि सगळे तारे राखाडी पांढरे दिसतात. हंस तारकासमूहातल्या अल्बिरिओ या जोडीत एक तारा सोनेरी आणि दुसरा निळा दिसतो. दुर्बिणीतले ते दृश्य मला आजही थांबवून ठेवते, पण त्या निळेपणातला काही भाग शेजारच्या सोनेरी ताऱ्याने डोळ्यावर केलेला परिणाम आहे. म्हणून डोळ्याने एवढेच विचारावे: या दोघांपैकी अधिक तांबूस कोण? कितीने, हा प्रश्न फिल्टरसाठी ठेवावा.

थंड टोकाचे सांगायचे तर साधारण ३,९०० केल्विनच्या खाली टायटॅनियम ऑक्साइडच्या रेणूंचे रुंद शोषणपट्टे दृश्य वर्णपट कुरतडू लागतात आणि बी-व्ही तापमानाशी इमान राखत नाही. तिथे दृश्य आणि अवरक्त यांतला फरक अधिक उपयोगी पडतो. मृगाच्या पायाशी असलेल्या शशक तारकासमूहातला आर लेपोरिस हा तारा रक्तासारखा लाल दिसतो, तो केवळ थंड आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या वातावरणातले कार्बनचे रेणू निळा प्रकाश जवळजवळ पुसून टाकतात म्हणून.

काक्षीने स्वतःच २०१९-२०च्या हिवाळ्यात याचा मोठा धडा दिला. एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारा हा तारा फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत मंद झाला. तारा एकदम थंड झाला, असा अंदाज स्वाभाविक होता. एमिली लेव्हेस्क आणि फिलिप मॅसी यांनी त्याच महिन्यात टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांवरून तापमान मोजले, ते ३,६०० केल्विन आले. २००४ मध्ये त्याच पद्धतीने ३,६५० आले होते. पन्नास केल्विनांच्या घटीने एवढी मंदी येऊ शकत नाही. पुढच्या वर्षी मोठ्या दुर्बिणींच्या प्रतिमांवरून असे मांडले गेले की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून त्याच्या एका थंडावलेल्या भागाजवळ धूळ तयार झाली आणि तिने प्रकाश अडवला. रेणूंचे पट्टे तपासले म्हणून तापमान आणि धूळ वेगळी करता आली. नुसती मंदी पाहून ते जमले नसते.

या सगळ्या मोजपट्ट्यांवर खुणा कोणी कोरल्या, असे विचाराल तर उत्तर कोनीय व्यासांच्या मोजमापाकडे जाते. ताऱ्याचा कोनीय व्यास आणि पृथ्वीवर पोहोचणारी त्याची एकूण ऊर्जा कळली की पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे किती ऊर्जा बाहेर पडते हे कळते, आणि ही ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, या स्टीफन-बोल्ट्झमन नियमाने त्यावरून तापमान थेट मिळते. त्यात रंगाचा आधार लागत नाही. डिसेंबर १९२० मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर मायकेलसन आणि पीस यांनी काक्षीचा कोनीय व्यास ०.०४७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) मोजला, तो सूर्याखेरीज मोजलेला पहिला ताऱ्याचा व्यास होता. उष्ण ताऱ्यांचे कोनीय व्यास फार लहान असतात. ते काम हॅनबरी ब्राउन यांच्या गटाने ऑस्ट्रेलियात नॅराब्री येथे ३२ ताऱ्यांवर केले. त्याच नियमाने पाहिले तर राजन्याचा एक चौरस मीटर काक्षीच्या एका चौरस मीटरपेक्षा सुमारे १२५ पट ऊर्जा बाहेर टाकतो. तरीही काक्षी आकाशात राजन्याच्या तोडीचा तेजस्वी दिसतो, तो त्याच्या प्रचंड आकारामुळे. तांबडा म्हणजे मंद, ही समजूत यासाठी सोडून द्यावी.

आता तुमच्या कॅमेऱ्याकडे येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर मुळीच विसंबू नका, कारण व्हाइट बॅलन्स आणि कॅमेऱ्यातली प्रक्रिया तो रंग आपल्या मर्जीने बदलते. रॉ फाइल घ्या. तेजस्वी तारे नेमके फोकसमध्ये असले की मधले पिक्सेल तिन्ही रंगांत भरून वाहतात आणि काक्षीसुद्धा पांढरा येतो. म्हणून फोकस थोडा सोडा, म्हणजे तारा लहान चकतीसारखा पसरेल, आणि एक्स्पोजर इतके ठेवा की सर्वांत तेजस्वी पिक्सेलही कमाल मर्यादेच्या बराच खाली राहील. मग प्रत्येक ताऱ्याच्या चकतीतले निळ्या पिक्सेलांचे एकूण मूल्य आणि हिरव्या पिक्सेलांचे एकूण मूल्य मोजा, शेजारच्या रिकाम्या आकाशाचे मूल्य दोन्हींतून वजा करा, आणि त्यांच्या गुणोत्तराच्या लॉगला उणे २.५ ने गुणा. हा तुमच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा निर्देशांक झाला. भिंगाच्या कडेला प्रकाश कमी होतो याची फार चिंता करू नका, कारण तो निळ्यात आणि हिरव्यात जवळपास सारखाच कमी होतो आणि गुणोत्तरात ती घट निघून जाते. रंगाने मोजण्याचा हा मोठा फायदा आहे.

नंतर एका आलेखावर तुमचा निर्देशांक आणि सूचीतला बी-व्ही मांडा. रोहिणी, पोलक्स, ब्रह्महृदय, प्रश्वा आणि व्याध हे तारे खुणेसाठी घ्या; जानेवारीच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास हे सगळे आपल्याकडे चांगल्या उंचीवर असतात. मृग नक्षत्र खगोलीय विषुववृत्तावर असल्यामुळे आपल्या अक्षांशावरून ते जवळपास माथ्यावरून जाते आणि हवेची दुरुस्ती लहान राहते. युरोपातल्या निरीक्षकाला ही सोय नाही. बिंदूंतून जाणारी सरळ रेषा मिळाली की तिच्यावरून कोणत्याही मधल्या ताऱ्याचा बी-व्ही वाचता येतो. कॅमेऱ्याच्या निळ्या आणि हिरव्या गाळण्या बी आणि व्हीपेक्षा एकमेकींच्या जवळ असतात, त्यामुळे तुमच्या निर्देशांकाचा पसारा कमी भरेल. तो दोष नाही, रेषेचा उतार त्याची काळजी घेतो. अगस्त्य या रेषेवरून खाली-वर पडला तर त्याला खुणेतून काढू नका, त्याच्या विचलनावरून त्या रात्रीची हवा मोजा.

एवढे केल्यावर काक्षी, रोहिणी, पोलक्स, ब्रह्महृदय, प्रश्वा, व्याध हा चढत्या तापमानाचा क्रम तुम्ही स्वतःच्या मोजमापावर ठामपणे लिहू शकता. सुमारे ३,६०० पासून ९,९०० केल्विनपर्यंत. ब्रह्महृदय हे दोन पिवळ्या ताऱ्यांच्या प्रकाशाची बेरीज आहे, एवढी नोंद मात्र शेजारी करावी. व्याधाच्या पुढे थांबा. राजन्य व्याधापेक्षा दोन हजार केल्विनांनी उष्ण असला तरी त्यांच्या निर्देशांकांत केवळ ०.०३ चे अंतर आहे, आणि ते तुमच्या कॅमेऱ्याच्या चुकीत बुडून जाईल. मृगाच्या चार पायांपैकी बेलाट्रिक्स आणि व्याधाच्या त्रिकांड बाणातला मधला तारा अल्निलम यांची जोडी तर याहून कठीण आहे. बेलाट्रिक्सचा बी-व्ही उणे ०.२२ आणि तापमान सुमारे २१,८०० केल्विन. अल्निलमचा बी-व्ही उणे ०.१८ आणि तापमान सुमारे २७,००० केल्विन. इथे जो किंचित अधिक निळा आहे तोच अधिक थंड आहे, कारण अल्निलम हा महाराक्षसी तारा आहे आणि त्याच्या प्रकाशाला वाटेत थोडी धूळही लागली आहे. चित्रेसकट या सगळ्या ताऱ्यांच्या नावापुढे तुमच्या वहीत फक्त ‘१०,००० केल्विनच्या वर’ एवढेच लिहा.